पेढे वाटले, आता गाडी परत कशी करायची?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण इथे राहायला आलो तेव्हा खालच्या पार्किंगमध्ये स्कूटरी आणि लुना उभ्या असायच्या. चारचाकी म्हणाल तर दोन. आज गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून वार्षिक सभेत आवाज चढतात. यांतल्या बऱ्याच गाड्या सेकंडहँड आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत उतरते. ती उतरण दुसऱ्याने सोसली आणि आपण चांगली गाडी कमी पैशात घेतली, तर हा शहाणा व्यवहारच आहे.

कार्यकारिणीने मला बचत आणि गुंतवणुकीवर बोलायला सांगितलं होतं. पण गेल्या वर्षभरात आपल्याच तीन घरांतून मला एकच प्रश्न आला. जुनी गाडी घेतली, तिच्यात दोष निघाला, आता डीलरला परत करावी की दुरुस्त करून वापरावी? म्हणून मीच विषय बदलून घेतला. मी वकील नाही आणि मेकॅनिकही नाही. वाहनकर्जाचे कागद मात्र नोकरीत खूप हाताळले. त्या अनुभवावर बोलतो.

एक उदाहरण सांगतो. त्या गृहस्थांची परवानगी घेतली आहे. त्यांचं नाव सांगत नाही आणि डीलरचंही नाही. त्यांनी नागपूरच्या एका डीलरकडून आठ वर्षं जुनी डिझेल गाडी ३ लाख २० हजारांना घेतली. ७० हजार स्वतःचे, अडीच लाख कर्ज. मुलगी एटापल्ली तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिची ने-आण करायची, अडीअडचणीला तिच्या हाताशी गाडी असावी, हा हेतू. तो त्यांनी डीलरला स्पष्ट सांगितला होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याला महत्त्व आहे. नागपुरात सकाळी थंड वेळेला चारेक किलोमीटर गाडी चालवून बघितली. पुढे डीलरच्या माणसानेच ती घरी आणून दिली. महाकालीच्या देवळात पूजा झाली, सोसायटीत पेढे वाटले. मीही खाल्ले.

चौथ्या दिवशी दुपारी ते गडचिरोलीला निघाले. मूल सोडलं आणि तापमानाचा काटा वर जायला लागला. सावलीला थांबले, इंजिन थंड केलं, पाणी भरलं, पुन्हा निघाले. वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत पुन्हा तेच. गडचिरोलीच्या मेकॅनिकने बघितलं तर कूलंटच्या डबीत बुडबुडे येत होते आणि वर तेलाचा तवंग. तो म्हणाला, "हेड गॅस्केट गेलं असावं. पण हेड वाकलंय की चिरलंय, ते खोलल्याशिवाय सांगता येत नाही. ४५ हजारांत भागेल किंवा ८० हजारांच्या वर जाईल." डीलरला फोन केला तर तो म्हणाला, "पाणी कमी झालं असेल साहेब. इकडे आणा, गॅस्केट बदलून देतो."

त्या रात्री ते माझ्याकडे आले. मला वाटलं पैशाचं विचारतील. त्यांनी विचारलं, "काकाजी, पूजा झाली, पेढे वाटून झाले. आता गाडी परत केली तर लोक काय म्हणतील?"

मंडळी, जुन्या गाडीच्या व्यवहारात माणूस फसतो तो बहुतेक वेळा इथे. डीलरने लपवलेला दोष चार दिवसांत कळतो. त्यानंतरचे चार महिने आपण लाजेपोटी, आशेपोटी आणि "आता घेतली ना" या एका वाक्यापोटी घालवतो. तेवढ्यात परत करायचा हक्कही निसटतो.

मी त्यांना म्हटलं, पेढ्याचे पैसे गेले, पूजेची दक्षिणा गेली, नागपूरच्या खेपा गेल्या. गाडी ठेवली तरी ते परत येणार नाहीत, परत केली तरी येणार नाहीत. म्हणून ते हिशेबात धरू नका. आता समजा, तुमच्या खिशात सगळे पैसे परत आले आहेत. हीच गाडी, याच दोषासकट, समोर उभी आहे. आज तिचे किती द्याल? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दोन लाख चाळीस. तेही मुलीसाठी नाही घेणार." या उत्तरात त्यांचा निर्णय झालेला होता.

दोष दोन जातीचे

माझ्या मते गाडीचे दोष दोन जातीचे असतात. एक, ज्याचा भाव लागतो. दुसरा, ज्याचा भाव लागत नाही.

टायर झिजलेत, बॅटरी उतरली, क्लच प्लेट गेली, एसी थंड करत नाही, सस्पेन्शनचे बुश वाजतात, हे भाव लागणारे दोष. चार गॅरेजमध्ये विचारलं तर आकडे थोडेफार सारखे येतात, आणि काम झालं की प्रश्न संपतो. असा दोष निघाला तर डीलरकडून तेवढी रक्कम कमी करून घ्यावी आणि गाडी ठेवावी. आपल्याच एका कुटुंबाच्या गाडीचा क्लच घेतल्यापासून पंधरवड्यात घसरू लागला. त्यांनी अधिकृत सर्व्हिस सेंटरचं लेखी अंदाजपत्रक डीलरला पाठवलं. डीलरने दोन तृतीयांश खर्च सोसला. गाडी आज खाली उभी आहे आणि उत्तम चालते. ती परत करायचा हट्ट धरला असता, तर चांगली गाडी हातची गेली असती.

दुसऱ्या जातीत इंजिन तापणं येतं, कारण खोलल्याशिवाय त्याचा शेवट कळत नाही. अपघातात वाकून सरळ केलेली चासी येते. पुरात बुडालेली गाडी येते. तिचं वायरिंग आज चालेल, पावसाळ्यात बंद पडेल, आणि कुठे गंज धरला आहे ते कोणी सांगू शकणार नाही. मागे फिरवलेला किलोमीटरचा आकडाही यातच, कारण जो आकडा खोटा करतो त्याच्या बाकीच्या बोलण्याचं काय घ्यायचं? आणि कागदाचे दोष तर हमखास यातले. चासी नंबर आरसी बुकाशी जुळत नाही, आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा उतरलेला नाही, अशी गाडी कितीही गुळगुळीत चालो, ठेवू नये.

आपल्या भागात या फरकाला जास्त वजन आहे. नागपूर-वर्धा रस्त्यावर गाडी बंद पडली तर तासाभरात कोणीतरी येतं. आलापल्लीहून सिरोंचाला जायचं म्हणजे शंभरेक किलोमीटरचा जंगलरस्ता. मधे मोबाइलला रेंज नाही, गॅरेज नाही, रात्री वर्दळ नाही. आष्टी-आलापल्ली पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्त्याचं काय झालं ते आपण बघतोच. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद. आणि उन्हाळ्यात पारा ४६-४७ वर जातो तेव्हा धडधाकट इंजिनाचाही दम निघतो. म्हणून इथल्या माणसाने दुरुस्तीला किती लागतील हे विचारावंच, पण आधी हे विचारावं, की हा दोष उलटला तर कुठे उलटेल, आणि त्या वेळी गाडीत कोण बसलेलं असेल?

हक्क आहे, पण त्याला मुदत आहे

आता कायद्याचं, सोप्या भाषेत. आपल्याकडे मालविक्रीचा कायदा १९३० चा आहे. धंदा म्हणून विकणाऱ्याने दिलेला माल विकण्याजोगा असला पाहिजे, आणि खरेदीदाराने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला असेल तर माल त्या हेतूला योग्य असला पाहिजे, हे त्याच्या कलम १६ मध्ये आहे. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते वाक्य इथे कामी येतं. मुलीला एटापल्लीला ने-आण करायची आहे, हे त्यांनी व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं होतं. मात्र त्याच कलमात दुसरी बाजूही आहे. तुम्ही गाडी तपासली असेल, तर त्या तपासणीत सहज दिसायला हवा होता असा दोष नंतर पुढे करता येत नाही. झिजलेला टायर कोणालाही दिसतो. थंड इंजिनावर चार किलोमीटर चालवून हेड गॅस्केट दिसत नाही.

कलम ४२ फार महत्त्वाचं आहे. माल नाकारतो असं न कळवता तुम्ही तो वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, किंवा मालकासारखं त्याचं काही केलं, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. एकदा स्वीकारला की परत करायचा हक्क साधारणपणे संपतो आणि भरपाई मागायचा तेवढा उरतो. वाजवी मुदत म्हणजे किती दिवस, हे कायद्यात लिहिलेलं नाही. म्हणून माझा सल्ला असा की दोष कळल्यापासून आठवड्याच्या आत लेखी कळवा आणि गाडी चालवणं थांबवा. आधी इंजिन खोलून बसू नका. खोललं की डीलर म्हणणार, तुमच्या मेकॅनिकनेच बिघडवलं.

कलम ४३ बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. वेगळं काही ठरलं नसेल, तर हक्काने नाकारलेला माल विक्रेत्याच्या दारात नेऊन पोचवण्याचं बंधन खरेदीदारावर नाही. नाकारल्याचं कळवणं पुरेसं आहे. म्हणजे तापणारी गाडी ओढत नागपूरला न्यायची गरज नाही.

ग्राहक संरक्षण कायदा आता २०१९ चा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल परत घेऊन बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करायला नकार देणं, ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिल न देणं हीसुद्धा. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपल्यासारख्यांच्या फार सोयीची गोष्ट म्हणजे, तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. गाडी नागपूरची असली तरी चंद्रपूरच्या जिल्हा आयोगात जाता येतं. गडचिरोलीच्या माणसाला गडचिरोलीत. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. हा कायदा धंदा म्हणून विकणाऱ्याला लागू आहे. ओळखीच्या माणसाची घरगुती गाडी घेतली तर ग्राहक आयोगाची वाट बहुधा मिळत नाही. त्याने खोटं सांगून विकली असेल तर करार कायद्याखाली दिवाणी न्यायालयात जावं लागतं. दुसरी गोष्ट "जशी आहे तशी" या अटीची. बँकेत आम्ही जप्त केलेल्या गाड्या "जिथे आहे, जशी आहे" याच अटीवर लिलावात विकायचो. तशी सही केली की परत करण्याची बाजू बरीच लंगडी होते. सही करण्याआधी वाचा. आणि स्वतः चालवून पोट भरणाऱ्यांनी घाबरू नये. मोहर्लीला सफारीची जिप्सी स्वतः चालवणारा माणूस उपजीविकेसाठी गाडी घेतो, तोही ग्राहकच ठरतो.

नव्या गाडीच्या बाबतीतसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली क्लचच्या एका प्रकरणात म्हटलं होतं, की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायचं कबूल केलं असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. तेव्हा आयोगात गेलो की गाडी परत घेतलीच जाईल, असं धरून चालू नका. दोष तपासणीशिवाय सिद्ध होत नसेल तर आयोग तज्ज्ञाचा अहवाल मागवतो. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात. म्हणून समेटाची वाट आधी चोखाळावी, पण हातात कागद ठेवून.

कर्ज आणि आरटीओ

आता माझ्या धंद्यातलं. गाडी परत केली की कर्ज आपोआप मिटतं, असा पुष्कळांचा समज असतो. मिटत नाही. बँकेने पैसे तुम्हाला दिलेत. गाडी दारात असो, डीलरकडे असो की गॅरेजमध्ये, हप्ता तुमचाच. "गाडी खराब आहे, हप्ता भरणार नाही" म्हणणाऱ्याचं नुकसान डीलरपेक्षा आधी स्वतःच्या सिबिल स्कोअरचं होतं. समेट झाला तर कर्जाइतकी रक्कम डीलरने थेट कर्जखात्यात भरावी आणि उरलेली तुमच्या खात्यात, असं लेखी ठरवा. मुदतीआधी फेडण्याचं शुल्क करारात आहे का ते बघा आणि तेही बोलणीत धरा. मग बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन बोजा उतरवून घ्या.

आरसी तुमच्या नावावर झाली नसेल तर काम सोपं. झाली असेल तर गाडी देऊन टाकली आणि सुटलो, असं समजू नका. हस्तांतराची नोंद झालेली नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. अशा डीलरच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना नमुना २९ सी मध्ये ऑनलाइन गेली, की गाडीची जबाबदारी त्याच्यावर जाते. परत करताना ती सूचना गेल्याशिवाय किल्ली देऊ नका. आणि घेतानाच विचारा, "तुमचं अधिकारपत्र दाखवा." जो दाखवत नाही, त्याच्याकडे परत करायची वेळ आली तर तो काय दाखवेल?

पुढे काय झालं

आमच्या गृहस्थांनी सहाव्या दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवलं. हेतू काय सांगितला होता, दोष कधी आणि किती किलोमीटरवर कळला, मेकॅनिकने काय लिहून दिलं, गाडी नाकारत आहे, पैसे परत करावेत. एवढंच, दीड पानात. शिवी नाही, धमकी नाही. सोबत अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डाची प्रत. गाडी दारात उभी ठेवली.

डीलरने आधी गॅस्केट बदलून देतो म्हटलं. मग अर्धा खर्च सोसतो म्हटलं. घरात दोन मतं होती. वडील म्हणाले, "दुरुस्त करून घेऊ, भांडण नको." मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, रात्री पेशंट गाडीत घेऊन मी काट्याकडे बघत बसू का?" त्यानंतर घरात चर्चा झाली नाही. तीन आठवड्यांनी डीलरने १५ हजार कापून गाडी परत घेतली. अडीच लाख कर्जखात्यात, ५५ हजार त्यांच्या हातात. विमा, व्याज आणि खेपा धरून त्यांना पंचवीसेक हजारांचा फटका बसला. मी मात्र एका गोष्टीचा आग्रह धरला, की समेटाच्या कागदावर दोष स्पष्ट लिहिला जावा आणि त्याखाली डीलरची सही असावी. गाडी पुढे कुणाला तरी विकली जाणारच. त्या माणसाला दोष सांगितला नाही, तर निदान डीलरला ठाऊक नव्हता असं म्हणता येऊ नये.

काही जणांनी त्यांना ऐकवलं, की पंचवीस हजार पाण्यात गेले. मी ऐंशी हजारांची आणि आलापल्लीच्या पुढच्या रस्त्याची आठवण करून दिली.

शेवटी सोसायटीला एक विनंती. जुनी गाडी घ्यायला कोणी निघालं तर एकट्याने जाऊ नये. आपल्याकडे वेकोलितून आणि वीज केंद्रातून निवृत्त झालेले, यंत्रातलं कळणारे सदस्य आहेत. त्यांतला एक सोबत न्यावा, गाडी दुपारी, इंजिन पुरतं तापेपर्यंत, निदान चाळीस किलोमीटर चालवून बघावी. कागद मी बघून देईन, जोवर डोळे साथ देतात तोवर. आणि एवढं करूनही दोष निघाला, तर पहिल्या आठवड्यात या. आम्ही पेढे खाल्लेले आहेत, पण त्यासाठी तुम्ही सदोष गाडी ठेवून घ्यावी अशी आमच्यापैकी कुणाचीच अपेक्षा नाही.